जमिनीची बैठक

‘बैठक’ हा आपल्या भाषेतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. गवयाला बैठक लागते, पहिलवानाला बैठका माराव्या लागतात. आणि विद्यार्थ्याची अभ्यासाला बैठक नसेल तर बुद्धी कितीही तल्लख असो, तिला फळ धरत नाही, हे तर आम्ही तीस वर्षे वर्गात पाहत आलो आहोत. जमिनीलाही बैठक असावी लागते, ही गोष्ट मात्र आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळली. आणि ती कळावी म्हणून आमच्या थोरल्या बहिणीला आपली एक गाय विकावी लागली. ती हकीकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमच्या वाचकांत ज्यांचा एखादा शेताचा तुकडा अजून राखून आहे, त्यांना तिचा उपयोग होईल. ज्यांचा नाही, त्यांनाही ती अगदीच परकी वाटणार नाही.

शिंदे-होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांची शेती आता बहुतेक कागदावरच उरली आहे. आमच्या वाट्याला तीन-साडेतीन एकरांचा एक तुकडा राहिला, तोही आक्कामुळे. मेव्हणे गेल्यापासून ती देवास रस्त्यावरच्या त्या गावीच राहते. विहिरीला पाणी बरे आहे. दारी तीन गाई. शेताचे उत्पन्न सोयाबीन-गव्हाच्या बियाण्या-खतात आणि मजुरीतच जिरते; घर चालते ते दुधावर. सहा महिने ठीक जातात. पुढे चैत्र लागला की रानात काडी उरत नाही, गव्हाच्या भुशाचा भाव चढत जातो, आणि वैशाख-ज्येष्ठात दुधाचे जे पैसे येतात ते वैरणीवाल्याच्या हाती जातात. दरवर्षीचे हे रडगाणे ऐकून आम्ही २०२२ साली तिला सुचविले की, विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात लसूणघास पेरावा. हिवाळ्यात हिरवा घालावा, उरेल तो वाळवून गंजी घालावी, म्हणजे उन्हाळ्यात भुशाच्या जोडीला घरची वैरण होईल. इकडे त्याला रिजका म्हणतात, देशावर लसूणघास किंवा नुसते घास. एकदा नीट लागला की तीन-चार वर्षे शेत पुन्हा नांगरावे लागत नाही. वाळल्या वैरणीत शेकडा अठरा-वीस इतकी प्रथिने असतात. हे सारे आम्ही वाचले होते. आक्काने एवढेच विचारले, “तुला जमेल ना रे?” आम्ही सरकारी शाळेचे मुख्याध्यापक, एम. ए. झालेले. “न जमायला काय झाले?” असे आम्ही म्हणून गेलो.

आपल्या पूर्वजांना वाळले गवत ठाऊक नव्हते असे नाही. माळव्यात गावोगावी राखीव बीड असे. दिवाळीच्या सुमारास तेथले मारवेल, कुसळी आणि इतर गवत कापून, वाळवून, त्याच्या गंज्या रचीत. परंतु ते गवत आपोआप उगवलेले, बहुवर्षायू. ते कोणी पेरीत नसे. त्यामुळे ज्वारी-गव्हाच्या पेरणीचे जेवढे शहाणपण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या साठले, तेवढे वैरणीच्या बारीक बियाण्याविषयी साठले नाही. गव्हाचा दाणा चार बोटे खोल गेला तरी कोंब वर येण्याइतकी शिदोरी त्याच्यापाशी असते. लसूणघासाचे बी कसे असते, ते हातावर घेऊन पाहावे. एका ग्रॅमात साडेचारशे-पाचशे दाणे मावतात. एवढ्याशा दाण्याची शिदोरी ती किती! ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचली होती, पण तिचा अर्थ आमच्या ध्यानी आला नव्हता.

सोयाबीन निघाल्यावर आम्ही शेत नांगरून घेतले आणि भाड्याचा रोटाव्हेटर आणून एका दुपारी दोनदा फिरविला. माती पिठासारखी झाली. चालताना पाय घोट्यापर्यंत आत जाई, आणि ते पाहून आम्हांस धन्य वाटे. बारीक बियाण्याला बारीक माती हवी, असा सरळ हिशेब. वाफे बांधले, साडेचार किलो बी फेकून पेरले, दाताळ्याने मातीआड केले आणि पाणी सोडले. आक्काचा जुना शेतगडी बांधावर उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, “मास्टरसाहेब, पाटा नाही मारायचा?” आम्ही म्हणालो, “इतकी सुरेख माती झाली आहे, आता पाटा कशाला?” तो गप्प राहिला. मास्तरांपुढे गप्प राहण्याची सवय त्याला लहानपणी शाळेतच लागली असावी.

आठ दिवसांनी अंकुर दिसले ते इथे चार, तिथे सहा. मधली जमीन पांढरट पापुद्रा धरून बसलेली. आम्ही पुन्हा पाणी दिले. पापुद्रा अधिकच घट्ट झाला आणि काळ्या मातीला भेगा पडल्या. तीन आठवडे झाले तरी शेत केस गळलेल्या डोक्यासारखे. बियाणे खोटे निघाले, असा निकाल देऊन आम्ही दुकानदाराकडे भांडायला जाण्याच्या बेतात होतो.

त्याच सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. कृषी खात्यात काही वर्षे काढून तो आता घरची शेती पाहतो. तो आमच्याबरोबर शेतावर आला. बांधावरून एकवार नजर फिरवून त्याने विचारले, “सर, ट्रॅक्टर या बाजूने बाहेर गेला होता का?” आम्ही म्हणालो, “होय. पण तुला कसे कळले?” त्याने बोट दाखविले. शेताच्या कडेने दोन हिरव्या रेघा गेल्या होत्या, अगदी फूटपट्टीने आखल्यासारख्या. जेथे जेथे ट्रॅक्टरचे चाक शेवटचे गेले होते, तेथे घास दाट उगवला होता. विहिरीपासून गोठ्याकडे आक्का बादली घेऊन जाते, त्या पायवाटेवरही पावलापावलागणिक हिरवे झुबके होते. बियाणे तेच, पाणी तेच, माती तीच. जेथे जमीन दबली होती तेथे बी उगवले. जेथे आम्ही ती पिठासारखी करून ठेवली होती, तेथे ते मेले. तीन आठवडे आम्ही त्या रेघांकडे रोज पाहत होतो, आणि त्या आम्हांस दिसल्या नव्हत्या.

मग त्याने आम्हांस समजावून दिले, आणि आम्ही बांधावर बसून विद्यार्थ्यासारखे ऐकले. रुजण्याकरिता दाण्याला चोहोबाजूंनी ओल्या मातीचा स्पर्श हवा. तोंडाशी लागलेल्या भांड्यातूनच पाणी पिता येते, तसे. माती पोकळ असली की दाणा कणांच्या मधल्या पोकळीत लोंबकळत राहतो. एका बाजूने ओल लागते, तीन बाजूंनी वारा लागतो. शिवाय खालच्या थरातली ओल वर चढते ती मातीच्या बारीक रंध्रांतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तशी. नांगराने आणि रोटाव्हेटरने ही वात तुटते. ती पुन्हा जुळते माती दबून खाली बसली म्हणजे. तिसरी गोष्ट खोलीची. हे बी एक ते दीड सेंटिमीटरपेक्षा खाली जाता कामा नये. आमच्या पोकळ जमिनीत पहिले पाणी शिरताच ती वाटेल तशी खचली, दाणे तीन-तीन, चार-चार सेंटिमीटर खोल गेले आणि कोंब उजेडापर्यंत पोचण्याआधीच त्यांची शिदोरी संपली. जे वर आले त्यांच्या डोक्यावर पापुद्रा बसला, कारण पिठासारखी केलेली काळी माती पाण्याने चिखलासारखी मिळून येते आणि वाळली की कवच धरते. चाकाच्या रेघेत यांतले काहीच घडले नाही. तेथे माती आधीच बसलेली होती, म्हणून दाणा वरच राहिला आणि खालची ओल त्याच्यापर्यंत पोचली.

आम्ही विचारले, “मग पूर्वीच्या लोकांना हे कोणी शिकविले होते?” तो म्हणाला, “सर, शिकविण्याची गरजच नव्हती. नांगरट आणि पेरणी यांच्यामध्ये काही आठवडे जात. एखादी सर येऊन जाई. बखर दोनदा-तीनदा फिरे, पाटा फिरे. बैलांचे खूर आणि माणसाचे पाय शेतभर पडत. जमीन त्यांतच बसून जाई. आपण ते सगळे एका दुपारी उरकले. माती मोकळी करण्याचे काम यंत्राने केले, पण बसविण्याचे काम कोणीच केले नाही.”

तो हंगाम गेला तो गेलाच. मोजकेच हिरवे हाती आले. वाळवायला काही उरले नाही. २०२३ च्या वैशाखात भुशाचे पैसे भागवायला आक्काने तीन गाईंतली मधली, कपिला, विकली. आम्ही त्या दिवशी शाळेच्या निकालाच्या कामात होतो. संध्याकाळी फोनवर तिने आधी निकाल कसा लागला ते विचारले, मग आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि शेवटी गाईचे सांगितले. आम्हांस ती एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या अखेरीस आला. तोवर आम्ही आमच्या विद्यार्थ्याने लिहून दिलेल्या टिपणाप्रमाणे एकेक काम करीत आणले होते. ते येथे सविस्तर देतो, कारण अशा बाबतीत मोघम उपदेशाचा काही उपयोग नसतो.

सोयाबीन निघताच एक नांगरट, वीतभर खोल. त्याहून अधिक नाही. त्यानंतर चांगले कुजलेले शेणखत, एकरी सात-आठ टन या मानाने, आणि एकरी दीड ते दोन क्विंटल सिंगल सुपर फॉस्फेट. खत कुजलेलेच हवे. त्याने काळ्या मातीची ढेकळे लवकर फुटतात आणि पापुद्रा कमी धरतो. पालापाचोळा आणि शेण यांचे खत करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती आपल्याच शहरात बसविली गेली. येथे १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंतच्या आपल्या मुक्कामात ती सिद्ध केली. इंदुरात जन्म काढून आम्ही मात्र तोवर कधी खताचा खड्डा केला नव्हता.

खत पसरल्यावर आडवा-उभा बखर आणि त्यामागे पाटा. पाटा म्हणजे देशावरची फळी. लाकडाचा जड, सरळ तुळवा, बैल किंवा लहान ट्रॅक्टर तो ओढतो. त्याने ढेकूळ फुटते, उंचवटा खाली येतो आणि माती दबते, अशी तीन कामे एकदम होतात. मग शेताला पेरणीआधीचे पाणी दिले. ज्याला इकडे पलेवा म्हणतात, ते हे पाणी. जमीन खचायची ती बी पडण्याआधीच खचून घ्यावी, हा त्यातला मुख्य हेतू.

पाण्यानंतर थांबणे आले, आणि आम्हांस सर्वांत कठीण गेले ते हेच. काळी जमीन ओली असताना तिच्यावर पाटा फिरविला तर ती बसत नाही, ठोकली जाते; वाळल्यावर विटेसारखी होते आणि मुळांना हवा मिळत नाही. बसविणे वेगळे आणि ठोकणे वेगळे. वाफसा आला की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. चार बोटे खालची मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून तो टाकावा. फुटून विखुरला तर वाफसा आला. चपटा होऊन तसाच राहिला तर अजून थांबावे. आम्ही सहा दिवस थांबलो. रोज शाळा सुटली की मोटारसायकलवरून जायचे, एक लाडू टाकायचा आणि परत यायचे. सहाव्या दिवशी तो फुटला.

त्यानंतर वरची दोन बोटे माती सैल होईल इतकाच हलका बखर, आणि लगेच पाटा. मग परीक्षा. तिचे साधन प्रत्येकाच्या पायाशी आहे. शेतात नेहमीच्या चालीने दहा-वीस पावले चालावे आणि मागे वळून टाचेचा ठसा पाहावा. टाच सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढी रुतली असेल तर जमीन बसली. दोन-तीन सेंटिमीटर गेली तर पाटा आणखी एकदा. ठसाच उमटला नाही तर जमीन वरून फार कठीण आहे, ती दाताळ्याने किंचित उकरावी. आमची टाच पहिल्या खेपेस दीड बोट गेली. पाटा पुन्हा फिरला. दुसऱ्या खेपेस आक्का आली. तिने वहाणा बांधावर काढल्या, शेताच्या मध्यापर्यंत चालत गेली, मागे वळून स्वतःच्या पावलांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “आता पेर.”

पेरणीआधी बियाण्याला गुळाच्या पाण्यातून रायझोबियमचे जिवाणू लावले. दहा किलो बियाण्यास अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट पुरते. जेथे हे पीक आधी कधी घेतलेले नाही, तेथे हे अवश्य करावे, म्हणजे मुळांवर गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळतो. बियाण्यात अमरवेलीचे बी नाही, याची खात्री करून घेतली. ती एकदा शिरली की सारे शेत खाऊन टाकते. पेरणी एक फुटाच्या अंतरावर, उथळ ओळींत, बियाण्यात बारीक वाळू मिसळून. एकरी आठ ते दहा किलो बी हे प्रमाण. म्हणजे एका चौरस फुटावर ऐंशी ते शंभराच्या आसपास दाणे पडतात. ते सगळे उगवावेत अशी अपेक्षा नसते. पण ते जमिनीत लोंबकळत मरू नयेत, एवढे आपल्या हाती आहे. बी मातीआड करून हलकासा पाटा एकदा शेवटचा. बियाण्याखालची जमीन आधी बसवायची, आणि बियाण्यावरची माती नंतर हळूच दाबायची. या दोन दाबांच्या मध्ये दाणा असावा, एवढेच या सगळ्या खटाटोपाचे सार आहे.

सहाव्या दिवशी ओळी दिसू लागल्या. शेतगडी सकाळीच आमच्या आधी जाऊन बघून आला होता. पण त्याने आम्हांस काही सांगितले नाही, आमचे आम्हांलाच पाहू दिले. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, “पाटा तर आमच्या बापाचाच होता, साहेब. गोठ्याच्या माळ्यावर पडून होता.”

पहिली कापणी दोन महिन्यांनी आली आणि पुढच्या महिना-महिन्याने. थंडीत हिरवा घातला. मात्र कोवळा, दवाने भिजलेला घास गाईंना उपाशीपोटी कधी घालू नये, पोट फुगते. फाल्गुनापासून फुले नुकती धरू लागताच कापून शेतातच पातळ पसरला. सकाळी पाने नरम असतानाच तो परतावा लागतो. भर उन्हात हलविला तर पाने झडतात, आणि जीवनसत्त्व जे आहे ते पानांतच. काडी पिळल्यावर ओल सुटेनाशी झाली की छपराखाली गंजी. शंभर किलो हिरव्याची वीस-पंचवीस किलो वाळली वैरण होते. २०२४ च्या उन्हाळ्यात आक्काला भुसा घ्यावा लागलाच, पण निम्म्याहून कमी. आणि त्या वर्षी कोणतीही गाय विकावी लागली नाही. कपिला परत आली नाही. जी गेली ती दुसऱ्याच्या दारी रुळली, आणि ते योग्यच आहे.

आम्ही व्यवसायाने शिक्षक, म्हणून अखेरीस मनात आले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आजकाल मुलांच्या डोक्यात रोज काहीतरी नवे घालण्याची आम्हां मोठ्यांना घाई झाली आहे. एक धडा झाला की दुसरा, एक शिकवणी झाली की दुसरी. आम्ही नांगरतो, पुन्हा नांगरतो, आणि माती किती मऊ झाली म्हणून समाधान पावतो. शिकविलेले मुलाच्या ठायी बसायला जो वेळ लागतो, जी उजळणी लागते, आणि मायेने जो थोडा दाब द्यावा लागतो, त्याचे नाव आमच्या वेळापत्रकात कोठेच नाही. उलट, कोणी ओल्या मातीवरच पाटा फिरवून मुलांना विटेसारखे करून ठेवतात. गेल्या वर्षापासून आम्ही शाळेत शनिवारचे दोन तास रिकामे ठेवले आहेत. त्यांत नवे काही शिकवायचे नाही, आठवड्याचे तेवढे पुन्हा घोळवायचे. त्याचा परिणाम काय होतो, ते सांगायला अजून वर्ष-दोन वर्षे जावी लागतील. वाफसा येईपर्यंत थांबायला आम्ही आता शिकलो आहोत.

आपल्यापैकी ज्यांना येत्या दसऱ्यानंतर वैरण पेरायची असेल, त्यांनी माळ्यावरचा पाटा आताच उतरवून पाहावा. वाळवी लागली असेल तर सुताराकडे न्यायला अजून अवकाश आहे.